बाणाचं दुसरं टोक

“धरणाचं पाणी सोडल्याची बातमी तुम्हाला कोणाकडून कळली?”

दादाने आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मग तो मोठ्याने हसला. “अगं, ऐकलंस का? सख्ख्या भावाला ‘तुम्ही’ म्हणायला लागली ही.”

“तसंच विचारायचं असतं, दादा. सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच शब्दांत. शिंप्यालाही असंच विचारलं मी.”

“शिंप्याला विचार की. शिंपी काय तुझा भाऊ लागतो?”

“सांग ना रे आता.”

“बघ, आली की नाही ‘रे’वर!”

तीही हसली. वहिनी मात्र हसली नाही. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून पुसलेली भांडी पुन्हा पुसत होती. सगळी वरच्या मजल्यावर होती, भाची पलीकडच्या खोलीत, कारण खाली अजून बसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खाली दादाची पिठाची गिरणी. पुराला तीनेक महिने होऊन गेले होते, तरी भिंतीवरची चिखलाची रेघ माणसाच्या डोक्याच्या वर तशीच होती, आणि कुजलेल्या पिठाचा आंबूस वास जिन्याने वर येत होता.

“शेजारच्या मास्तरांकडून कळली,” दादा म्हणाला. “दुपारी. जेवत होतो आम्ही. मास्तरांना शिंप्याने सांगितलं, शिंप्याला वरच्या गावातून मेव्हण्याचा फोन आला होता. झालं?”

“मग तुम्ही काय केलं?”

“काय करणार? गिरणीची मोटर सोडवली. मी आणि मास्तरांच्या मुलाने मिळून वर चढवली. कंबरडं मोडलं. मग पोरीला आणि हिला घेऊन शाळेच्या इमारतीत गेलो.”

तिने लिहून घेतलं. पुढचा प्रश्न विचारताना तिचा आवाज थोडा खाली गेला, हे तिचं तिलाच कळलं. “आणि ही बातमी तुम्ही पुढे कोणाला सांगितली?”

ओट्यापाशी एक ताटली निसटून खाली पडली आणि गरगरत राहिली. वहिनीने ती लगेच उचलली नाही.

“पुढे एकच तर घर आहे,” दादा म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? सांगितलं. लिही.”

“कसं? जाऊन, की हाक मारून, की—”

“हाक मारून. लिही ना बाई आता, उलटतपासणी कसली घेतेस?”

तिने लिहिलं. समोरचा जे सांगेल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. दादा बोलताना खिडकीबाहेर पाहत होता, हे तिला दिसलं होतं. पण दिसलेलं लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

ती जिना उतरायला लागली तेव्हा दादाने वरून नेहमीसारखी हाक दिली, “पोचलीस की कळव गं!”

कळवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. शहरातल्या खोलीवर पोचलं की तिने फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा आणि तोडायचा. मग दादाने तिकडून तसाच एकदा वाजवायचा. बोलायचं नाही. नवरा गेल्यापासून, म्हणजे ती एकटी राहायला लागल्यापासून, हे असंच चाललं होतं. आई-वडील केव्हाच गेले होते, पोरबाळ नव्हतं. आजारी पडलं तर चार दिवस टेकायला जगात एकच जागा होती, ती या गिरणीच्या वरची.

गल्लीतून बाहेर पडण्याआधी ती शेवटच्या घरापाशी गेली. काकूचं घर. दाराला कुलूप होतं. परदेशातल्या चुलतभावाने अंत्यविधीला येऊन ते लावलं आणि किल्ली घेऊन गेला. इथे चिखलाची रेघ खिडकीच्याही वर होती. काकू सापडली ती आतल्या खोलीत, पलंगाशेजारी. दुपारी जेवून आडवी झाली असणार, असं सगळे म्हणत होते. त्या दिवशी त्या गल्लीत तेवढं एकच माणूस गेलं. तिने कागदावर लिहिलं, ‘घर बंद’, आणि ती बसच्या थांब्याकडे निघाली.

*

विद्यापीठाच्या भूगोल विभागात तिला सगळे ‘पाहणीबाई’ म्हणत. गावोगाव फिरून लोकांना प्रश्न विचारण्याचं तिचं काम, करारावरचं. करार दर वर्षी संपायचा आणि दर वर्षी, जरा नाकं मुरडून, पुन्हा व्हायचा. तिचे वरिष्ठ म्हणजे एक प्राध्यापक. त्यांना विद्यार्थी पाठीमागे ‘बाणसर’ म्हणत, कारण फळा असो, चहाच्या दुकानातला कागद असो की वर्तमानपत्राचा कोपरा, सरांच्या हातात पेन आलं की तिथे बाण उमटायचा. एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे. जाड बाण म्हणजे बातमी पुष्कळ जाते, बारीक बाण म्हणजे थोडी.

“माल कुठून कुठे जातो ते सगळे बघतात,” सर नव्या मुलांना सांगायचे. “माणसं कुठून कुठे जातात तेही बघतात. बातमी कुठून कुठे जाते, ते बघायला मात्र कोणाला वेळ नाही. अहो, पाणी सोडल्यावर माणूस पाण्याने नाही मरत. पाणी येतंय हे न कळल्याने मरतो.”

सर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते मनापासून काम करायचे, आणि पाहणीबाईंना खुर्ची दिल्याशिवाय कधी बोलायचे नाहीत. कोणत्या गावाचे फोन कोणत्या गावाला जास्त जातात, कोणतं वर्तमानपत्र कुठवर पोचतं आणि कुठे संपतं, यावर त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यांची दोन वाक्यं तिला पाठ होती. एक, ‘बाणाला दोन टोकं असतात, सांगणारा आणि ऐकणारा, दोघांना विचारल्याशिवाय बाण काढायचा नाही.’ दुसरं, ‘बातमी जिथे थांबते तिथे काहीतरी आडवं आलेलं असतं. ते शोधा.’

पुरानंतर सरांनी अख्ख्या खोऱ्याची पाहणी हाती घेतली. धरणाजवळच्या वरच्या भागातून खालच्या भागात बातमी कशी गेली, कुठे वेळेत पोचली, कुठे अडली. गावागावांमधले मोठे बाण झाल्यावर सर म्हणाले, “मला एक गल्ली हवी. घर न् घर. एका दारातून दुसऱ्या दारात बातमी कशी जाते ते दाखवायचंय.”

“माझ्या माहेरची गल्ली घ्या की, सर,” ती म्हणाली. “लोक दार उघडतील. ओळखतात मला.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गल्लीचा नकाशा तयार झाला तेव्हा सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मोठ्या टेबलावर तो पसरलेला होता. शिंप्याच्या चौकोनातून निघालेला बाण घराघरांतून पुढे पुढे सरकत होता. मास्तरांकडून दादाकडे, आणि दादाकडून शेवटच्या चौकोनात. त्या शेवटच्या बाणाला एकच टोक होतं, पण पाहणीच्या समितीने आधीच ठरवून ठेवलं होतं की ऐकणारा हयात नसेल तर सांगणाऱ्याचा शब्द धरायचा.

“एकही घर सुटलं नाही,” सर खुशीत म्हणाले. “आणि गंमत पाहा. या गल्लीत जी एक बाई गेली, ती या शेवटच्या घरातली. तिला कळलं होतं! वेळेत कळलं होतं. तरी ती उठली नाही.” त्यांनी हातातला मजकूर वाचून दाखवला. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती सूचना मिळूनही घर सोडत नाहीत, हट्ट आणि घराची ओढ त्यांच्या जिवावर बेतते, वगैरे. मग चष्मा काढून ते म्हणाले, “थोडक्यात काय, तिला कळलं, पण वळलं नाही.”

दोनतीन विद्यार्थी हसले. एक मुलगी ‘च्च’ करून म्हणाली, “माझी आजीपण अशीच आहे.”

पाहणीबाई टेबलावर वाकल्या आणि नकाशाकडे पाहत राहिल्या. गल्लीच्या मागे नदीचा बांध होता, आणि बांधापलीकडे भाजीचे मळे करणाऱ्यांची दहाबारा घरं. तिथे एकही बाण नव्हता. त्यांना बातमी मिळालीच नव्हती. पाणी कमरेपर्यंत आल्यावर ती माणसं छपरावर चढून वाचली. तिथेही पाहणी तिनेच केली होती.

“इथे बघा, बांध आडवा आला,” सर पेनाने दाखवत होते. “बातमी बांधापाशी थांबली.”

बांध? तिला एकदम आठवलं, बांधावरून काकूची पायवाट होती. तिच्या मागच्या दारातून सरळ मळ्यात उतरणारी.

काकूला गल्ली ‘तारकाकू’ म्हणायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाला नोकरी लागली, कोणाची सून रुसली, कोणाच्या घरी पाहुणे येणार, सगळं तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि कळलं की पायाला चाकं लागायची. पाहणीबाई शाळेत पहिल्या आल्या होत्या ते त्यांच्या घरी पोचण्याआधी काकूने गल्लीला सांगून झालं होतं. आई दारात रागावून उभी, ‘माझ्या मुलीचं मला शेवटी कळतंय’ म्हणून. पाहणीबाईंचा नवरा गेला तेव्हा शहरातल्या खोलीवर सगळ्यांत आधी आली तीही काकूच. कोणी कळवलं होतं कोण जाणे. आली, बसली, आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलली नाही.

रोज भाजी आणायच्या निमित्ताने ती मळ्यात उतरायची, ते जगाच्या बातम्या वाटायला. पाहणीच्या वेळी एक मळेवाली म्हणाली होती, “आम्हाला कोण सांगणार? आम्हाला सगळं तारकाकूच सांगायच्या. त्या दिवशी त्या आल्याच नाहीत ना.” तेव्हा पाहणीबाईंनी ते ऐकलं, मान हलवली, आणि लिहिलं, ‘बातमी मिळाली नाही.’

आता नकाशावर गल्ली आणि मळे एका शेजारी एक आले होते. काकूला धरणाचं पाणी सुटल्याचं कळलं असतं, तर ती पलंगावर पडून राहिली असती? आधी त्या वाटेने धावत मळ्यात उतरली असती, बोंब मारली असती, पोरंबाळं गोळा केली असती. एवढी मोठी बातमी काकूच्या पोटात राहिली, हे जगात कोणी मानेल, तिची पुतणी मानणार नाही. मळे कोरे राहिले याचा अर्थ एकच होता. बातमी बांधापाशी थांबली नव्हती. एक घर आधी थांबली होती.

*

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा दादा खाली गिरणीत मोटर परत बसवत होता. हात काळे, कपाळावर तेलाचा डाग.

“आली का? आज कोणते प्रश्न?” तो म्हणाला.

“कागद नाही आणला आज. दादा, काकूला खरंच सांगितलं होतंस?”

तो नट आवळत राहिला. “तूच लिहिलंयस ना?”

“तू सांगितलंस ते लिहिलं. आता मी विचारतेय.”

पाना आणखी दोनदा फिरला. मग तो थांबला.

“तिला सगळं सगळ्यांच्या आधी कळायचं,” दादा म्हणाला. “माझ्या पोरीला फिट येतात, हे मुलाकडच्यांना कोणी सांगितलं होतं? सुपारी फुटायची राहिली होती फक्त. आपल्या घरातली गोष्ट, आपल्याच रक्ताच्या माणसाने जाऊन सांगावी?”

“ती मुद्दाम नाही बोलली रे. तिला वाटलं, त्यांना माहीत आहे.”

“ते मला नको सांगू. पोरगी आजही वरच्या खोलीत बसून आहे. त्यानंतर आलं कोणी विचारायला? नऊ वर्षं मी त्या बाईचं तोंड पाहिलं नाही.” त्याने पाना खाली ठेवला. “मी गेलो होतो दारापर्यंत. हात कडीवर होता. मग म्हटलं, एकदा... एकदाच हिला सगळ्यांच्या शेवटी कळू दे. पाणी पायरीला लागलं की कळेल. मला काय माहीत एवढं चढेल? वाटलं, दर पावसाळ्यात येतं तेवढं येईल, पाऊलभर.”

“मोटर वर नेलीस,” ती म्हणाली.

“काय?”

“पाऊलभर पाण्यासाठी कोणी मोटर सोडवून माडीवर नेत नाही, दादा.”

दादा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला की तिला एकदम लहानपणीची भीती वाटली, वडील रागावायचे तेव्हाची. जिन्यावर वहिनी कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती म्हणाली, “मी जाते म्हटलं होतं यांना. म्हणाले, पायरी उतरलीस तर पुन्हा चढू नकोस.”

“तू आत जा!” दादा ओरडला. वहिनी गेली नाही.

“आता काय करणार आहेस?” त्याने बहिणीला विचारलं. “नकाशात काढणार मला?”

“दादा, तिथे ते तिला हट्टी म्हणतात. कळूनसुद्धा उठली नाही म्हणतात. पुस्तकात छापणार आहेत. पोरं हसली तिला.”

“मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मी जिवंत आहे. मला याच गल्लीत पीठ दळायचंय. पोरीचं अजून व्हायचंय. उद्या लोक म्हणतील, यानेच म्हातारीला मारलं. म्हणू देत? सांग ना, म्हणू देत?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भाऊ खोटं बोलला होता, पण पोरीबद्दल बोलत होता ते खोटं नव्हतं. वरच्या खोलीत भाची सगळं ऐकत असणार, हेही तिला माहीत होतं.

“तोंड उघडलंस तर हे घर तुझं नाही,” दादा म्हणाला. “मग कोणाच्या दारात जायचं ते तुझं तू बघ.”

ती निघाली. गल्लीच्या अर्ध्यात गेली असेल, तेव्हा मागून आवाज आला. रागातला, पण तोच.

“पोचलीस की कळव!”

खोलीवर पोचल्यावर तिने फोन एकदा वाजवून तोडला. लगेच तिकडून एकदा वाजला. त्या आवाजाने तिला रडू फुटलं. एवढी काळजी वाहणारा माणूस, आणि त्याच माणसाने कडीवरचा हात मागे घेतला होता.

*

पंधरा दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. गप्प राहणं सोपं होतं. कागदावर सगळं व्यवस्थित होतं, तिच्याच अक्षरात. पण एका व्याख्यानाला ती मागच्या रांगेत बसली होती, आणि सरांनी पुन्हा तेच वाक्य टाकलं. तिला कळलं, पण वळलं नाही. या वेळी अख्खं सभागृह हसलं. सरांना वाक्य आवडलं होतं, आता ते ठिकठिकाणी जाणार होतं. काकू आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या पोचवत फिरली, आणि आता तिचीच एक बातमी गावोगाव पोचणार होती, तीही खोटी.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं.

सरांनी मधे एकदाही न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, तुम्हाला किती त्रास झाला असेल याची मला कल्पना आहे. पण उत्तर देणारा काय म्हणाला, ते आपण घेतो. पाहणी करणाऱ्याला घरचं काय माहीत आहे, ते आपण घेत नाही. नाहीतर उद्या प्रत्येक जण आपापल्या नातेवाइकांबद्दल सांगत येईल.”

“मळे बघा ना, सर. मळ्यांना कोणीच सांगितलं नाही. काकूला कळलं असतं तर मळ्यांना कळलं असतं.”

“शक्य आहे. पण मळ्यांना न कळण्याची इतरही कारणं असू शकतात. बांध आहेच.” त्यांनी फोन जवळ ओढला. “असं करू. मी स्वतः त्यांना फोन करतो. दोन्ही टोकं नाहीत, निदान एक टोक तरी पुन्हा तपासू.”

“नको, सर,” ती म्हणाली. पण सरांनी फोन लावला होता. काम चोख करायची सवय. त्यांनी आदराने विचारलं, “तुमच्या भगिनींचं म्हणणं असं आहे की...” आणि मग ते बराच वेळ फक्त ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“ते म्हणतात, सांगितलं होतं. म्हणतात, बहीण खोटं बोलते. आणि... जाऊ द्या, बाकीचं घरगुती आहे.”

“मग?”

“मग ती नोंद वादाची झाली. वादाची नोंद ठेवता येत नाही.” सरांनी पेन घेतलं. “ते घरच काढून टाकतो. मजकुरातला तो परिच्छेदही काढतो. झालं समाधान?”

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही.

*

पुस्तक निघालं तेव्हा सरांनी हौसेने त्याच गावात, पालिकेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. भिंतीवर सगळे नकाशे लावले होते. खोऱ्याचा मोठा नकाशा पाहायला कोणी थांबत नव्हतं. सगळी झुंबड गल्लीच्या नकाशापाशी. शिंपी आपल्या चौकोनावर बोट ठेवून सगळ्यांना सांगत होता, “इथून सुरू झालं, बघा. माझ्यापासून.” मास्तर चष्मा वर-खाली करून आपलं घर शोधत होते आणि ते बरोबर मापात काढलेलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

सर बोलायला उभे राहिले. या गल्लीने काय केलं ते अख्ख्या देशाने शिकण्यासारखं आहे, असं म्हणाले. “या गल्लीतल्या प्रत्येक घराला बातमी मिळाली. प्रत्येक. एकही घर सुटलं नाही.”

टाळ्या पडल्या. दादा तिसऱ्या रांगेत वहिनीशेजारी बसला होता. आधी तो तसाच बसून राहिला. मग शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यानेही वाजवल्या. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. ती आली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मधल्या काळात तिने केलेले फोन त्याने उचलले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर लोक चहाकडे वळले, आणि ती नकाशापाशी गेली. शिंप्याकडून निघालेले बाण, मास्तर, मग दादाचं घर. तिथे बाण संपत होते. त्याच्या पुढे कागद पांढरा होता, मग बांधाची रेघ, मग नदी. नव्यानेच गल्लीत राहायला आलेली एक तरुण बाई कडेवरच्या मुलाला नकाशा दाखवत होती. तिने सहज विचारलं, “ते कुलूप लावलेलं घर आहे ना कोपऱ्यावर, ते नाही दिसत यात. तिथे कोणी राहत नव्हतं वाटतं?”

शिंपी चहाचा कप घेऊन मागे उभा होता, मास्तरही होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पाहणीबाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली. दादाच्या घरापुढे, कोऱ्या जागेवर, त्यांनी एक लहानसा चौकोन काढला. बाकीच्या घरांच्याच मापाचा, रेघा सरळ. मागच्या बाजूला दाराची खूण केली, आणि तिथून बांधावरून मळ्यांकडे उतरणारी वाट ठिपक्यांनी दाखवली. दादाच्या घराकडून त्या चौकोनाकडे बाण मात्र काढला नाही.

“काकू राहायची,” त्या म्हणाल्या. “माझी काकू.”

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. दादा उभा होता. त्याने नकाशाकडे पाहिलं, त्या पेन्सिलच्या चौकोनाकडे, आणि दोन घरांमधल्या रिकाम्या बोटभर जागेकडे. मास्तरही तिकडेच पाहत होते, शिंपीही. मग दादा वळला आणि बाहेर चालता झाला. वहिनी क्षणभर थांबली. तिने पाहणीबाईंचा हात घट्ट दाबला आणि नवऱ्यामागे निघून गेली.

ती बसच्या थांब्याकडे गल्लीतूनच गेली. गिरणी चालू झाली होती, पट्ट्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ती त्या दारासमोरून हळू चालली, जरा जास्तच हळू. कोणी हाक मारली नाही.

खोलीवर पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवा लावला, पिशवी खुर्चीवर ठेवली, आणि तशीच पलंगाच्या कडेला बसून तिने फोन लावला. एकदा वाजू दिला. तोडला. मग फोन मांडीवर ठेवून वाट पाहिली.

शेजारच्या खोलीतलं रेडिओवरचं बातमीपत्र सुरू झालं आणि संपलं. मग तिने वाकून पायांतल्या चपला काढल्या.